मुद्दाम मांडलेला पसारा

माझी सून एका नाटकात कामाला आहे, पण त्या नाटकात नट म्हणून एकही नाही. पाच खोल्या, दिवे आणि भिंतीतून येणारे आवाज. प्रेक्षकांनीच एकेका खोलीतून फिरत जायचं. दर सहा मिनिटांनी आठ माणसं आत सोडायची आणि पुढे सरकवत राहायची, हे तिचं काम. उभं राहून राहून पाय सुजतात बिचारीचे. त्यात साहेबांनी बजावलेलं, "आणखी एकदा खोळंबा झाला तर घरी बसा."

परवा तिने मलाही आत सोडलं. तिसऱ्या खोलीत पलंगभर कपडे विस्कटलेले. माझे हात कुठले गप्प बसायला! मी घड्या घालायला बसले. माझं बघून बाकीचे सातही बसले आणि मागचे आठ दारात अडकले.

सून धावत आली. "अहो आई, हा पसारा मुद्दाम मांडलाय!"

"मग घरचा?"

"तो आपोआप होतो. उठा आधी, साहेब येताहेत!"

तिने भराभरा घड्या उधळल्या, आम्हाला पुढे पिटाळलं. साहेब पोचेपर्यंत रांग चालू झाली होती.

संध्याकाळी ती घरी आली, तर पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. ती घड्या घालायला घेणार, तोच मी म्हटलं, "राहू दे, मुद्दाम मांडलाय."

ती त्या ढिगावरच आडवी झाली.