चुन्याचे दगड

अण्णांच्या बांधावरून कुणाला सुखानं चालता यायचं नाही. "जपून की! खाली सरकारची लाइन हाय," असं ते शेतातूनच ओरडायचे. कमरेइतक्या खोल गाडलेल्या केबलला आमच्या चपला काय करणार होत्या? पण अण्णांना सांगणार कोण! गाव त्यांना फायबरअण्णा म्हणायचं, आणि ते त्यांना आवडायचंही.

मंद्रूपहून आमच्या गावापर्यंत सरकार इंटरनेटची केबल टाकणार होतं, तेव्हा रस्त्याकडेचे बांध खणू द्यायला कुणी राजी होईना. अण्णा दारोदार फिरले. "सरकारनं शब्द दिलाय, आपुनच आडवं गेल्यावर कसं?" आपल्या बांधावरची फळती लिंबाची झाडं त्यांनी सगळ्यांच्या आधी तोडली. हे सगळं सुरेखासाठी होतं. नवरा वारल्यावर लेक माहेरी आली होती. ओसरीवर कॉम्प्युटर मांडून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे, असं तिच्या मनात होतं. पण गावात मोबाइललासुद्धा धड रेंज नव्हती. "लाइन आली की पोरगी हितंच ऱ्हाती," अण्णा म्हणायचे.

लाइन आली. ग्रामपंचायतीत इंटरनेटची पेटी बसली, साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले. सुरेखाच्या ओसरीवर माणसं बसू लागली. चुकून कुणाचा नांगर लागू नये म्हणून अण्णांनी केबलवर ओळीनं दगड मांडले आणि त्यांना चुना फासला. पोळ्याला बैलांच्या आधी दगड रंगायचे. आम्ही खूप हसायचो.

मग रस्त्याकडेनं गटार काढायला सरकारचाच जेसीबी आला. अण्णा धावत पोचेपर्यंत केबलचे तुकडे वर आले होते. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, चुना मारलाय म्हंजे हितंच खणायचं की!"

रस्तेवाले म्हणाले, केबल आमची नाही. केबलवाले म्हणाले, तोडली त्यांनी, जोडून तेच देतील. दोघंही सरकारच! अण्णांचे हेलपाटे आठवले की माझं डोकं आजही फिरतं. पेटी बंद पडली ती पडलीच. 'डिजिटल गाव' ही पाटी मात्र अजून झळकते आहे. सुरेखानं पुण्यात नोकरी धरली. तिचा कॉम्प्युटर अण्णांनी पोत्यात बांधून स्वतः एसटीत चढवला.

परवा गावी गेलो, तेव्हा नव्या योजनेचे साहेब अण्णांच्या दारात उभे होते. "जुनी लाइन कुठून गेलीय, तेवढं दाखवा." अण्णांनी बांधाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला ठावं न्हाय, सायेब."

निघताना मी मुद्दाम त्या बांधावरून चालत गेलो. मागून कुणी ओरडलं नाही.