बॅटरी निवेपर्यंत

माझा नवरा पाखरांचे आवाज रेकॉर्ड करतो. रविवारी भर उन्हात तो माळावरून परतला आणि पाणीही न पिता त्यानं रेकॉर्डरमधली बॅटरी काढली, मऊ फडक्यानं पुसली आणि खिडकीत सावलीला ठेवली.

"लगेच चार्जिंगला नाही लावत?" मी विचारलं.

"तापलीय ती. निवू दे आधी. तापलेली भरायला घेतली की आतून खराब होते."

किती मायेनं बोलला. मला त्या बोटभर वस्तूचा हेवा वाटला. तिला अगदी रिकामी होऊ द्यायची नाही, बरेच दिवस लागणार नसेल तर अर्धी भरून गारव्यात ठेवायची, हे सगळं त्याला पाठ आहे. घरातलं माणूस गप्प असलं की मात्र आपण धरून चालतो, त्याचं बरं चाललंय. सकाळपासून मी एकटी त्याच्या आजारी आईचं करत होते.

"मीही तापलेय," मी म्हणाले.

त्यानं चमकून पाहिलं आणि खिडकीशी माझ्याजवळ येऊन बसला. "सांग."

मी सांगत गेले. तो डोळे मिटून ऐकत होता, पाखरांचं ऐकतो तसाच. मध्येच त्याचा हात हळूच खिडकीकडे गेला आणि बॅटरी निवली का, ते त्यानं चाचपून पाहिलं.