वामनरावांचे सात सापळे

इसम नामे वामनराव गोविंदराव मोहोड, वय साठ वर्षे दोन महिने, धंदा शिकार (सराईत), राहणार मौजे पिंपळझिरा, तालुका तिवसा, जिल्हा अमरावती. बांधा मजबूत, वर्ण सावळा, मिशी पिकलेली. ओळखीची खूण: उजव्या हातास बँडेज. सदर इसमाचे राहते घरातून व लगतच्या नाल्याकाठाहून जप्त मुद्देमाल येणेप्रमाणे: लोखंडी सापळे, दातेरी, सात नग, बाभळीच्या सालीचा काळा काढा, एक गंज, टॉमी, एक नग, एका सापळ्यास चिकटलेले वन्यप्राण्याचे केस व रक्त. आपण सदर कामात चाळीस वर्षांपासून असल्याचे सदर इसमाने स्वखुशीने सांगितले.

यातला स्वखुशीने हा शब्द बरोबर आहे. बाकीचं तपासून घ्यावं लागेल.

वामनराव शिकारीच्या धंद्यात एकूण तेवीस दिवस होते. त्याआधीची अडतीस वर्षं त्यांनी एस.टी.च्या वर्कशॉपात बसच्या पोटाखाली पाठीवर झोपून काढली. गाडी फाटकातून आत वळतानाच कोणता पाटा तुटलाय ते सांगत. मोझरीच्या पुण्यतिथीच्या यात्रेला जादा गाड्या सुटायच्या, तेव्हा ते तीन-तीन दिवस घरी येत नसत, आणि आले की बायकोशी बोलण्याआधी हाताचं ग्रीस पाहत. त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं हे वर्कशॉपातलं सर्वात अचूक माप समजलं जाई. बेअरिंगमध्ये केसाएवढा खेळ असला तरी त्या बोटांना कळे. रिटायर झाल्यावर गावातली पिठाची गिरणी, मोटारपंप, शिवणयंत्रं त्या दोन बोटांपुढे येऊ लागली. गावात वामनरावांना जो मान होता तो त्या बोटांचा होता. शेती चुलतभाऊ करायचा, बोलणं बायको करायची.

निरोपाच्या दिवशी एका तरुण इंजिनिअरनं शाल देताना सहज सांगितलं, की नव्या गाड्यांना आता हात लावायची गरजच नसते, लॅपटॉप जोडला की तोच बिघाड सांगतो. वामनरावांनी शाल घेतली. ते वाक्यही घेतलं, आणि दोन वर्षं कुणाला दाखवलं नाही.

मग नत्थुजी आले. हे अकोल्याचे. जुन्या बाजारात त्यांचं भंगाराचं दुकान, पण खरा माल पिशवीत असे. मुंगसाच्या शेपटीच्या केसांचे चित्रकारांचे ब्रश होतात, असं त्यांनी गिरणीच्या ओट्यावर सांगितलं. त्या केसाला रंग धरायची आणि टोक न सोडायची अशी काही सवय असते म्हणे. मुंगूस मारायला कायद्यानं बंदी आहे, हेही त्यांनी सांगितलं, पण एखाद्या मालाची जाहिरात करावी तसं. पद्धतही सांगितली. पाय सापळ्यात, मानेवर काठी, काठीवर बूट, आणि अंग गरम आहे तोवर केस उपटायचे. थंड झालं की केस कातडी सोडत नाही. हे सांगत असताना ते भजी खात होते.

नत्थुजींनी पिशवीतून एक मोडका सापळा काढून दुरुस्तीला पुढे केला. दोन लोखंडी जबडे, खाली वाकवलेली पट्टी, मधे पाय पडायची थाळी. वामनरावांनी तो दोन बोटांत धरून पाहिला.

"याले सापळा म्हनता? हे तं पोरीच्या केसाची क्लिप हाये."

"मुंगूस दीड किलोचं असते, वामनराव. त्याले क्लिपच लागते."

"मी करून देतो तुमाले. पाह्यत राहा."

इथे पहिली चूक झाली, आणि ती एस.टी.चा फिटरच करू शकतो. वामनरावांच्या घरामागे बसचे जुने कमानपाटे पडलेले होते. बेचाळीस माणसं, त्यांची बोचकी, कोंबड्या आणि टपावरची सायकल ज्याच्यावर तोलली जाते ते लोखंड त्यांनी दीड किलोच्या जनावरासाठी तापवून वाकवलं. जबड्यांना कानशीनं दाते काढले. नत्थुजी फोनवर म्हणाले होते की दाते नकोत, कातडी फाटते. वामनराव म्हणाले, दात्याशिवाय जबडा म्हणजे म्हातारी. नत्थुजींनी असंही सांगितलं, की सापळा उघडा राहावा म्हणून बाजूला एक अडकण ठेवा, नाहीतर कधीतरी स्वतःच सापडाल.

"माह्या हातापेक्षा मोठी अडकन कोनती हाये," वामनराव म्हणाले, आणि अडकण केली नाही.

नव्या लोखंडाला माणसाचा वास असतो, तो घालवावा लागतो. त्यासाठी सापळे आधी सोड्याच्या पाण्यात उकळायचे, मग बाभळीच्या सालीच्या काढ्यात, म्हणजे ते काळे पडतात आणि मातीसारखे वास देतात. शेवटी कडुनिंबाच्या धुरावर धरायचे आणि पुढे हात लावायचा नाही. वामनरावांनी सगळं नीट केलं. अंगणात तीन दगड मांडले, वाळल्या कपाशीच्या पऱ्हाटीचा जाळ केला आणि घरातलं सर्वात मोठं पातेलं, म्हणजे गंज, त्यावर चढवलं.

गिरजाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हळद वाळवायला बाहेर आल्या तेव्हा काढा उकळत होता.

"त्या गंजात माह्या पोरीच्या लग्नाचं वरन शिजलं होतं," त्या म्हणाल्या. "आता तुमी त्यात काय शिजवून राह्यले?"

वामनरावांनी एक सापळा काठीनं वर काढून दाखवला.

"बह्याड झाले काजी तुमी? मुंगसाचं तोंड दिसलं त लोक दिवस चांगला म्हनतात. आन तुमी त्याचे पाय तोडता?"

पायाला धरायचं, तोडायचं नाही, असं वामनरावांनी समजावलं. ते खरंच तसं समजत होते.

चाचणीला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी बांबू. सापळा मिटला तेव्हा गिरणीवरच्या लोकांना टायर फुटल्यासारखं वाटलं, आणि बांबूचे दोन तुकडे दोन अंगणांत सापडले. दुसऱ्या दिवशी खाटकाकडून आणलेलं बोकडाच्या पायाचं हाड. त्याचा भुगा झाला. वामनरावांनी तो भुगा दोन बोटांत चोळून पाहिला आणि मान हलवली, जशी ते चांगल्या जमलेल्या गिअरला हलवत. तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर एक घूस सापडली. तिचा मागचा अर्धा भाग सापळ्यात राहिला आणि पुढचा अर्धा बराच वेळ सरकत होता. गिरजाबाईंनी त्याच्यावर फावडं मारलं, फावडं धुतलं, आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. चौथी त्यांची तलंग गेली. पाय जागच्या जागी उभे होते, कोंबडी दोन हात पलीकडे पंख आपटत होती.

गिरजाबाईंनी बोलणं बंद केलं. घरात बोलणाऱ्या त्याच असल्यानं घर शांत झालं.

आता उरलं होतं नाल्याकाठी सापळे लावणं. आणि इथे दुसरी चूक झाली. सहा सापळे धुरावर धरून, वास मारून, कोरडे ठणठणीत तयार होते. वामनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांत त्यांनी एकही जोड कोरडा सोडला नव्हता. ग्रीसशिवाय लोखंड त्यांना अंघोळ न केलेल्या माणसासारखं वाटे. त्यांनी माळ्यावरचा डबा काढला आणि सातवा सापळा तयार झाल्यावर सातही सापळ्यांच्या सांध्यांत, थाळीखाली, पाट्यावर दोन बोटांनी ग्रीस भरलं. भरपूर, मायेनं, रिद्धपूरच्या लांबच्या फेरीला गाडी निघावी तसं.

आठ दिवस मुंगूस आलं नाही. मुंगसाला नाक असतं. नाल्यापलीकडच्या बोराटीत ते बसलेलं वामनरावांना रोज दिसे. दिवस चांगला जावा अशा जागी बसे आणि सापळ्याला वळसा घालून जाई. एका सापळ्यात सशाचे मागचे दोन पाय मिळाले, ससा मिळाला नाही. रक्ताची रेघ तुरीत शिरली होती. वामनरावांनी ते पाय मातीत पुरले आणि सांध्यात पुन्हा ग्रीस भरलं.

मुंगसाला ग्रीस आवडत नाही. कुत्र्याला आवडतं.

वामनरावांच्या कुत्र्याचं नाव कंडक्टर. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकदा हुंगून मोजून घेई, म्हणून. वर्कशॉपच्या दिवसांपासून तो वामनरावांच्या चपला आणि हात चाटत आलेला. ग्रीसचा वास म्हणजे त्याच्या लेखी मालक. तेविसाव्या दिवशी सकाळी, दव अजून हरभऱ्यावर असताना, तो मालकाच्या वासामागे नाल्यात उतरला.

आवाज आला तेव्हा वामनराव दात घासत होते. टायर फुटल्यासारखा, आणि लगेच दुसरा, जो कोणत्याच यंत्राचा नव्हता. ते धावले. गिरजाबाईही मागून आल्या. कंडक्टरचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली दात्यांत होता आणि तो स्वतःच त्या पायाला चावत होता. हाड पांढरं दिसत होतं. दर झटक्याला पाय थोडा कमी आणि रक्त थोडं जास्त होत होतं.

"टॉमी आन," वामनराव म्हणाले. टॉमी म्हणजे टायर काढायची पहार. तिच्याशिवाय तो पाटा दबत नसे, हे त्यांना माहीत होतं, कारण तो त्यांनीच केला होता. गिरजाबाई घराकडे पळाल्या. जाऊन येऊन सहा-सात मिनिटांचं अंतर.

कंडक्टरनं मालकाकडे पाहिलं आणि पुन्हा पायाला तोंड घातलं.

वामनरावांनी थांबायला हवं होतं. ते पाट्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले, वाकले, डाव्या हातानं एक जबडा धरला आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं दात्यांच्या मधे घातली, कारण केसाएवढा खेळ कुठे आहे ते त्याच बोटांना कळत असे. खेळ सापडला. जबडा सरकला. एक बोट, दीड बोट. कंडक्टरनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि पाय ओढून घेतला, जेवढा उरला होता तेवढा. त्याच वेळी वामनरावांची चप्पल पाट्यावरून घसरली. पाट्याला ग्रीस होतं.

गिरजाबाई टॉमी घेऊन पोचल्या तेव्हा वामनराव सापळ्याशेजारी मांडी घालून बसलेले होते. तोंडावर अजून मंजन होतं. त्यांनी टॉमी पाट्यात अडकवून तिच्यावर सगळं अंग टाकलं, आणि जबडा उघडला. हात बाहेर आला. एक बोट आलं नाही, दुसरं कातडीला लोंबत होतं. गिरजाबाईंनी आतलं बोट काढून पदरात बांधलं. मग एवढंच म्हणाल्या, "उठा."

अमरावतीच्या डॉक्टरांनी पदराची गाठ सोडून पाहिली. कापलेलं जोडता येतं, ठेचलेलं जोडता येत नाही, असं म्हणाले. लोंबणारं बोटही काढलं. असल्या जखमेची वर्दी द्यावी लागते, ती त्यांनी पोलिसांत दिली, आणि पोलिसांनी वनखात्याला कळवलं. नत्थुजींचा फोन त्या दुपारपासून लागेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक प्रियदर्शनी आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला नीट. त्यांनी सापळे मोजले, फोटो काढले, आणि अंगणातल्या खाटेवर बसलेल्या वामनरावांना विचारलं, की हे कुणी शिकवलं आणि नवखे आहात का. वामनरावांना हा प्रश्न आवडला नाही. हाताला जाड पांढरं बोचकं बांधलेलं होतं, गिरणीवरची माणसं कुंपणाशी उभी होती, आणि एक पोरगी त्यांना नवखा का म्हणून विचारत होती.

"नवखा?" ते म्हणाले. "बाई, चाळीस वर्षं लोखंडात गेली माही. हे काम माह्या हातचं हाये. अख्ख्या जिल्ह्यात असा पाटा कोनी वाकवून दाखवा."

"म्हणजे चाळीस वर्षांपासून?"

"चाळीस वर्षं. लिवून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. गिरजाबाई दारातून म्हणाल्या की त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, खरं सांगते, लिहू नका. पण सही वामनरावांची हवी होती. ती त्यांनी डाव्या हातानं केली, अंगठा द्यायला नकार देऊन.

कंडक्टर आता तीन पायांवर चालतो आणि येणाऱ्याला मोजायला थोडा उशिरा पोचतो. गिरणी बिघडली की लोक तिवश्याहून पोरगा बोलावतात. वामनराव ओट्यावर बसून आवाज ऐकतात, काय झालंय ते सांगतात, बहुतेक वेळा बरोबर सांगतात, पण हात पुढे करत नाहीत. मुंगूस बोराटीत आहे.

जप्त केलेल्या सापळ्यावरचे वन्यप्राण्याचे केस व रक्त तपासणीला पाठवले होते. अहवाल दोन महिन्यांनी आला. केस पाळीव कुत्र्याचे निघाले, रक्त कुत्र्याचं आणि माणसाचं.