पुतण्याच्या वास्तव्याचा दाखला

सरकारी नोकराने ज्या गावचा पगार घ्यायचा त्या गावी राहायचे, एवढ्या साध्या नियमासाठी मी निवृत्तीनंतरची वर्षे अर्ज लिहिण्यात घालवली. मी दिवाणी न्यायालयात कारकून होतो. अर्ज कसा लिहावा हे मला कळते. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावातले मास्तर आणि ग्रामसेवक जालन्याहून ‘अपडाउन’ करीत, आणि ‘मुख्यालयी राहतात’ असा ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडे भत्ता उचलीत. ठरावाला हात वर करणारे तेच, ज्यांची पोरे मास्तरांची वाट पाहत शाळेच्या ओट्यावर बसलेली असत. याविरुद्ध मी तक्रारी केल्या, स्मरणपत्रे पाठवली. निष्पन्न एवढेच झाले, की नवा तलाठी रुजू झाला की त्याला आधी माझे घर दाखवले जाई.

माझा पुतण्या, धाकट्या भावाचा मुलगा, लॅपटॉपवर एका परदेशी कंपनीचे काम करीत असे. भारतात राहूनच काम करावे, असे करारात स्पष्ट कलम होते. तरी तो पर्यटकाचा व्हिसा काढून व्हिएतनामला गेला आणि समुद्रकाठी घर भाड्याने घेऊन तिथेच राहिला. कंपनीला संशय आला. सध्याच्या वास्तव्याचा दाखला पाठवा, अन्यथा करार संपला, असे तिने कळवले. भाऊ तलाठ्याकडे गेला. तलाठी म्हणाला, “पंच म्हणून तुमच्या दादांची सही आणा. मंग माझी बिलकुल हरकत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कागद घेऊन आला. भावजयीने त्याच्यासोबत धपाट्यांचा डबाही पाठवला होता.

“दादा, एक सही हाय फक्त.”

“तो इथे राहतो का?”

“राहतच होता की. येईल बी.”

“आज राहतो का?”

“तुमी आता कोर्टात न्हाई बसलेले,” भाऊ चिडला. “साऱ्या गावाचे कागद खोटे. एक आपल्या लेकराचा झाला तर आभाळ फाटतंय का?”

आधी त्याच्याशी बोलतो, असे मी म्हणालो. भावाने मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. पुतण्या अर्ध्या चड्डीत ओसरीवर बसला होता.

“नमस्कार काका. आज कोणावर अर्ज?”

“पर्यटक म्हणून जाऊन तिथे बसून काम करता येते का, हे तू वाचलेस का?”

“मी कोणाची नोकरी खाऊन राह्यलो, काका? उलट बाहेरचा पैसा इथं खर्च करून राह्यलो. घरमालक खूश हाय. आपल्याकडचे लोक ऊस तोडायला कर्नाटकात जात्यात, त्यांना कोण विचारतं?”

“ते पालात राहतात. तिथल्या कोणाला घराबाहेर काढत नाहीत. तुझ्याआधी त्या घरात कोण होते?”

“एक मास्तर होता, इथल्याच शाळेतला. मी भाडं जास्त द्यायला तयार झालो, त्याला तेवढं झेपंना. मंग गेला लांब डोंगराकडं. रोज गाडीवर येतो शाळेत.”

“म्हणजे अपडाउन?”

“हां, अपडाउनच म्हणा की!” तो हसला.

भाऊ हसला नाही. तो मला ओळखतो.

माझे मस्तक फिरले. गावात राहायला राजी नसलेल्या मास्तरांवर मी इतकी वर्षे लिहिले. आणि तिकडे शाळेच्या गावातच राहायला राजी असलेल्या मास्तराला आमच्याच घरच्या पोराने गावाबाहेर घालवले होते. कमाई एका देशाच्या दराने करायची, खर्च दुसऱ्या देशाच्या दराने करायचा, आणि मधल्या फरकाच्या बळावर तिसऱ्याचे छप्पर घ्यायचे, यावर कोणते कलम लागते ते मला आजही ठाऊक नाही. लागत नसेल, तर ती कायद्याची उणीव आहे.

मी कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले: सदर इसम येथील मूळ रहिवासी असून सध्या येथे राहत नाही. खाली सही केली. भावाने ते वाचले, माझ्यासमोर फाडले आणि डबा उचलून तो निघून गेला.

दाखला मिळाला नाही. कंपनीने करार संपवला. सही का नाकारली असे गावात कोणी विचारले, की मी त्या व्हिएतनामच्या मास्तराची हकीकत सांगे. पुतण्या परत आला, आणि घरच्यांना न सांगता एकदा मला भेटायला आला.

“मी घर सोडलं अन् दुसऱ्याच दिवशी गेलं ते. माझ्यासारखाच एक लॅपटॉपवाला आल्ता. मास्तर विचारायला गेल्ता म्हणं. मालकानं भाडं आजून वाढवलं.” मग तो म्हणाला, “तुमी सही केली असती तर त्या मास्तराचं काय बिघडलं असतं?”

“मी त्याच्यासाठी नाकारली नाही. खोटे लिहायचे नव्हते म्हणून नाकारली.”

“मंग साऱ्या गावात मास्तराचं नाव कशाला सांगता? माझी नोकरी तुमच्या सहीपायी गेली, तेवढं सांगा ना.”

यावर मी जे बोललो ते कोणत्याही न्यायालयात टिकले नसते. तो चहा न घेताच उठला. त्याला अजून काम मिळालेले नाही. भाऊ माझ्याशी बोलत नाही. बाजारात समोर आला तर वाट बदलतो. तो कागद पुन्हा समोर आला तर मी पुन्हा तेच लिहीन. मात्र गावात कोणी विचारले तर त्या मास्तराच्या आधी मी आता पुतण्याची नोकरी गेल्याचे सांगतो.