अर्लीनच्या लाल गोळ्या

माझी नणंद अर्लीन कुबिचेक शाळेची बस चालवते आणि गॅरेजमध्ये पिस्तुलाच्या गोळ्या भाजते. हो, भाजते. टायरवाल्याकडच्या चाकाच्या वजनांचं जुनं शिसं वितळवून साच्यात ओतायचं, गार झालेल्या गोळ्या लाल रंगाच्या भुकटीत घोळवायच्या आणि जुन्या ओव्हनमध्ये ठेवायच्या. रंग वितळून शिशावर पक्का लेप बसतो. "विकतची गोळी म्हणजे विकतचा कोलाचे, तो आपला गोड पाव. पोट भरतं, जीव नाही भरत," हे तिचं म्हणणं. अख्ख्या नेब्रास्कात इतकी हट्टी बाई सापडायची नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते.

आमच्या क्लबची हिवाळी नेमबाजी तळघरात होते. तिथे उघड्या शिशाला बंदी आहे, कारण धूर कोंडतो आणि छातीत जातो. नियम योग्यच आहे. पण अध्यक्ष ड्वेन स्वोबोडानं यंदा अर्लीनच्या लेप दिलेल्या गोळ्याही त्या बंदीत ढकलल्या.

"लिपस्टिक लावली म्हणून शिशाचं सोनं होत नाही, अर्लीन."

"मग मी गोळ्या झाडते, तू पिस्तुलाची नळी तपास. शिसं निघालं तर घरी बसेन."

त्यानं नळीतून चिंधी ढकलून तपासली. चिंधीवर चकचकीत कपचे आले. शिसंच ते! सगळे खो खो हसले. ड्वेननं मोठं मन दाखवत स्पर्धेच्या सकाळी आणखी एक संधी दिली, शेवटची. नवरा गेल्यापासून अर्लीनचा एकही हिवाळा त्या तळघराविना गेला नव्हता. मी तिच्यामागोमाग तिच्या घरी गेले.

गॅरेजमध्ये तिनं एक गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्यानं पार चपटी केली. लाल लेप कुठे तडकला नाही.

"भाजण्यात चूक नाही, बेव्ह."

"मग कपचे काय आभाळातून पडले? विकतच्या आण आणि गप गोळ्या झाड!"

"तूच गप बस जरा."

तिनं भरलेलं काडतूस उघडून गोळी बाहेर ओढली. कडेनं लाल रंग खरवडला होता आणि खाली शिसं चमकत होतं. पितळी पुंगळीचं तोंड अरुंद राहिलं होतं, त्यामुळे गोळी आत बसवतानाच तिची साल निघत होती. अर्लीन इतक्या जोरात हसली की कुत्रं भुंकायला लागलं. तिनं पुंगळ्यांची तोंडं किंचित रुंद केली, पिस्तुलाची नळी घासून लख्ख केली आणि सगळी काडतुसं नव्यानं भरली.

स्पर्धेच्या सकाळी तळघर खच्चून भरलं होतं. अर्लीननं लोखंडी तबकड्या एकामागून एक आडव्या केल्या. मग ड्वेननं स्वतः नळीतून चिंधी ढकलली. ती काळीकुट्ट निघाली.

"बघा!" कुणीतरी ओरडलं.

ड्वेननं चिंधी दिव्याखाली धरली. नखानं खरवडली. पालथी केली. दुसरी चिंधी घातली, तिसरी घातली. चमकणारा कणही सापडेना. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या, पण अर्लीननं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"काडतुसातल्या दारूची काजळी आहे," तो पुटपुटला. "शिसं नाही."

"ड्वेन, राजा," अर्लीन गोड आवाजात म्हणाली, "जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू नाही गेलं."

आणि त्याला मोठ्यानं सांगावं लागलं.