पाचोडच्या बैठकीत काळी दोन

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो, पण आधी चहा गार होऊ देऊ नका. कारण एकदा हसायला लागलात की चहा नाकातून येईल, आणि तो दोष परत माझ्यावर. आयुष्यात दोष घ्यायची मला तशी सवय आहे. मी साथीदार ना!

व्हायोलिनवाला. गाणाऱ्याच्या डाव्या बाजूला, जरा मागं, लोडाच्या आडोशाला जो माणूस दिसतो किंवा दिसत नाही, तो मी. गाणारा बेसूर झाला तर लोक माझ्याकडं बघतात, आणि सुरात लागला तर 'वा' त्याला. एकदा तर पत्रिकेत गायकाचं नाव, तबल्याचं नाव, पेटीचं नाव, आणि खाली 'व इतर'. तो 'इतर' मीच. बायकोनं ती पत्रिका जपून ठेवलीय. का, ते मी विचारलं नाही.

आणि यासाठी शिकलो किती म्हणाल? गुरुजींनी पहिले सहा महिने नुसता गज ओढायला लावला. उघड्या तारेवर. वर, खाली, वर, खाली. शेजारच्या बाई आईला म्हणाल्या, "तुमच्याकडं सुतार लागलाय का हो?" बारा वर्षं गुरुजींकडं काढली. मग शाळेत संगीत शिक्षक. सकाळी शाळा, दुपारी क्रांती चौकापाशी शिकवण्या, आणि संध्याकाळी कुणी बोलावलंच तर साथ. तीस वर्षं हेच. वाद्य डाव्या खांद्याशी धरून धरून डावा कान असा काही कामातून गेला, की त्या बाजूनं कुणी बोललं तर मी नुसती मान हलवायचो. हे लक्षात ठेवा. म्हणजे माझ्यावर जरा दया कराल.

तर खूप वर्षांपूर्वी एका गुरुवारी, घराखालच्या दुकानातून हाक आली, "मास्तर, फोन!" तेव्हा शहर औरंगाबादच होतं आणि फोन गल्लीत एकच होता. मी पायजम्यावर धावलो. पलीकडं कडूबा अण्णा. माझी विद्यार्थिनी शोभा, तिचे वडील. पाचोडला शेती. पोरगी कॉलेजसाठी इथं मामाकडं राहायची आणि सहा वर्षं माझ्याकडं व्हायोलिन शिकत होती. माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात गुणी पोर.

फोनमध्ये खरखर अशी, की जणू कुणी पापड तळतंय.

"सर, रविवारी आमच्याकडं बैठक हाय!"

"बैठक?"

"व्हय! तुमी पायजेच. तुमीच मेन!"

मी! मेन! तीस वर्षांत कुणी मला स्वतंत्र बैठक दिली नव्हती. मी विचारलं, "अण्णा, साथीला कुणी आणू का?"

"आणा की! सोबत असलेली बरीच."

"किती वेळ?"

मग खरखर, खरखर, "…शोभी…" खरखर, "...तुमी फकस्त नीट बजावून सांगा, मंडळी गप ऐकत्याल!"

आता तुम्हीच सांगा. संगीतातल्या माणसाला 'बजावून' म्हटलं की दुसरं काय ऐकू येणार? मी म्हणालो, "बजावतो! असं बजावतो की पाचोड विसरणार नाही!"

हे मात्र शब्दाला शब्द खरं झालं.

तबल्याला रशीदभाई. आमची वीस वर्षांची दोस्ती. ऐकून ते तबल्यावरचा हातच काढायला विसरले. "अपनी बैठक? सच्ची? मास्तर, मैं नवी पुडी चढाता देखो!" पुडी म्हणजे तबल्याचं वरचं चामडं. मी ठेवणीतला रेशमी झब्बा काढला. बायको म्हणाली, "हा लग्नातला आहे." मी म्हणालो, "मग आज दुसरं लग्न समज." तोंडाला कुलूप कसं लावायचं ते मला कधी जमलंच नाही.

रविवारी सकाळी एसटीनं निघालो. मांडीवर व्हायोलिन, रशीदभाईंच्या मांडीवर डग्गा, आणि पायात तानपुरा असा आडवा, की चढणारा प्रत्येक माणूस त्याच्या पाया पडूनच आत येत होता. पाचोडला उतरलो तेव्हा कंबर माझी राहिली नव्हती.

पण अण्णांच्या दारात पाऊल टाकलं आणि शीण पळाला! अहो, काय थाट! बैठकीच्या खोलीत सतरंज्या, वर पांढरी चादर, लोड, तक्के. पंधरा-वीस माणसं फेटे, टोप्या घालून गंभीर बसलेली. आतल्या दाराआड बायकांची गर्दी. मी मनात म्हटलं, शहरात पाच माणसं जमत नाहीत, आणि इथं एवढे रसिक!

कडूबा अण्णा पुढं आले. तानपुरा बघून जरा थबकले, मग आत घेऊन गेले. आम्हा कलावंतांबद्दल लोकांचा समज असतो की हे असंच सगळं घेऊन हिंडतात.

समोर भारदस्त मिशांचे एक गृहस्थ. हे मुलाचे मामा, सिल्लोडचे. अर्थात ते मामा आहेत, कुणाचे मामा आहेत, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? ते म्हणाले, "कडूबा, आताच वाजंत्री आणली व्हय?"

"नाय नाय, ह्ये शोभीचे सर. ह्येंचा शब्द आमी मोडत नाय."

मला वाटलं, काय ओळख करून दिली!

मधल्या गादीवर नवे कपडे घातलेला एक मुलगा घामाघूम होऊन बसला होता. मला वाटलं हा निवेदक, पहिल्यांदाच बोलणार असेल. मी प्रेमानं म्हणालो, "बाळा, जरा सरक. वादक मध्ये बसतो." बिचारा उठला आणि दारात चपलांपाशी जाऊन बसला. सगळ्यांना वाटलं, शिकलेला माणूस आहे, शहरात अशीच रीत असेल.

होय. तो नवरदेव होता. तुम्ही ओळखलंत. मी सोडून सगळ्या जगानं ओळखलं असतं.

मामा म्हणाले, "हं, मास्तर, करा सुरुवात. काय ते मोकळं बोलून टाका."

मी गवसणी काढली, तारा छेडल्या. आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्यात स्वर पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात. पांढरी एक, पांढरी चार, काळी एक, काळी दोन. त्या पट्टीला सगळी वाद्यं जुळवायची. मी रशीदभाईंना खड्या आवाजात म्हणालो, "काळी दोन!"

रशीदभाई हातोडी घेऊन तबल्याला भिडलेले. "नक्को मास्तर. काळी एक बस है. दोन में पुडी फटेंगी."

"फाटू द्या! आज मागं हटायचं नाही. काळी दोन म्हणजे काळी दोन!"

खोलीतले सगळे फेटे एकदम माझ्याकडं वळले. मी खूश. तुम्ही पाचोडला कधी गेलात? तिथं 'काळी' म्हटलं की माणसाला पेटी नाही आठवत हो. जमीन आठवते! काळी, कसदार, कापसाची जमीन!

मामा पुढं सरकले. नेमके माझ्या डाव्या बाजूला. "काळी... दोन?"

"दोन."

"खडकाळ तर नाय ना?"

मला वाटलं माझ्या सुराबद्दल विचारतात. म्हणालो, "छे हो! लोण्यासारखी मऊ. नुसता हात फिरवला की कळेल!"

मामांच्या मिशा हलल्या. "मास्तर, तुमी दिलदार दिसता. दोनाची तीन व्हती का बघा की."

काळी तीन! अहो, तार तुटते त्यानं! पण आयुष्यातली पहिली फर्माईश, आणि तीही अशा जाणकाराची. रशीदभाईंनी डोळे मिटून खुदाचं नाव घेतलं. मी खुंटी पिळली. "घ्या तीन! तुम्ही म्हणाल ते!"

पलीकडं कडूबा अण्णांच्या हातातली चहाची बशी तिरकी झाली आणि चहा धोतरावर सांडला. मला वाटलं, भारावले.

"बागाईत हाय का?" मामांनी विचारलं.

डावा कान! मला ऐकू आलं 'बागेश्री'. "बागेश्री? ती रात्रीची असते हो! दिवसा कशी चालवणार?"

मामांनी समजुतीनं मान डोलावली. "आता मोटरीला लाइटच रात्रीची, त्येला तुमी तरी काय करणार? चालंल आमाला."

आणि मी म्हणालो, "मग ठरलं!"

अण्णांनी माझ्या झब्ब्याची बाही धरली. "सर, काय करू राह्यले तुमी?"

"काळजी करू नका अण्णा. तुमच्यासाठी एवढं तर देणारच!"

"द्यायला ती तुमच्या बापाची हाय का?" अण्णा ओरडले. "पाच एकर हाय माझी सगळी! तीन दिल्यावर आमी काय गज ओढत बसायचं?"

"पाच एकर काय?"

"जमीन! जमीन!"

"कसली जमीन?" मी विचारलं. आणि खरं सांगतो, मी खोलीभर नजर फिरवली, त्या फेट्यांवरून, टोप्यांवरून, चपलांपाशी बसलेल्या त्या घामाघूम पोरावरून.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. शोभा बाहेर आली. नवी साडी, हातात पोह्यांचं ताट. ताट तिनं खाली ठेवलं आणि डोक्याला हात लावला.

"सर," ती म्हणाली, "ही बैठक माझ्या लग्नाची हाय."

रशीदभाईंची हातोडी डग्ग्यावर पडली. धप्प! त्या दिवशी वाजलेली ती पहिली थाप.

मग शोभेनंच सगळ्यांना समजावलं, काळी म्हणजे पेटीची पट्टी, तीन म्हणजे आणखी वरची पट्टी, आणि बागेश्री हा राग आहे. मामा लालबुंद. "आमची चेष्टा लावली का? चारचौघांत शब्द निघाला. तीन एकर म्हंजी तीन एकर!"

अण्णा खाली बघत बसले. त्या माणसाला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं कारण मी. रेशमी झब्ब्यात, मधल्या गादीवर, खांद्याला व्हायोलिन लावून. हसू नका. त्या क्षणी मला तरी हसू आलं नव्हतं.

मी हात जोडले. "मामा, चूक माझी आहे. अण्णांना शिक्षा देऊ नका. हवं तर मला चपलांपाशी बसवा."

"तिथं जागा नाय," तिकडून आवाज आला. नवरदेव! सकाळपासून पहिल्यांदा बोलत होता. तो उठला. "मामा, घरून निघताना काय ठरलं व्हतं आपलं? देणं-घेणं नाय. सरांनी चुकून म्हटलं, पण दोनाची तीन तुमी मागितली. लाज मला वाटायली."

मामा मिशीवरून हात फिरवत राहिले.

अण्णा हळूच म्हणाले, "सरांना एकच वाक्य बोलाया बोलावलं व्हतं. शोभीचं वाजवायच्या परीक्षेचं शेवटचं वरीस राह्यलंय. लग्न झालं तरी तिचं वाजवणं बंद करू नका, एवढंच बजावून सांगा म्हणलं."

बघा. एक वाक्य! सगळं बोललो मी, तेवढं एक सोडून.

"मी सांगते," शोभा म्हणाली. "मला शिकायचं हाय. परीक्षेपुरतं नाय. पुढं बी. चालत असंल तर हो म्हणा, नाय तर पोहे खाऊन जा."

इतक्यात आतून काठी टेकत नवरदेवाची आजी आली. ऐंशीच्या घरातली, पण आवाज खणखणीत. "आधी वाजवून दाखीव की गं! काय शिकायचंय ते आमाला बी कळू दे."

शोभेनं माझं व्हायोलिन घेतलं. खुंट्या मुकाट्यानं खाली, काळी एकवर आणल्या. रशीदभाईंनी सुटकेचा श्वास सोडला. दहा-बारा मिनिटंच वाजवलं तिनं. पण काय सांगू! कापूस भरायला आलेली बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. मामांचा हात मिशीवर होता तिथंच राहिला. गज कुठं संपतो आणि परत कुठं सुरू होतो ते मला, शिकवणाऱ्याला, कळेना.

सुपारी फुटली. देणं-घेणं नाही, शिकणं चालू. त्या पोरीनं पुढं परीक्षा दिली आणि आज सासरी, सिल्लोडला, तिचा स्वतःचा वर्ग आहे.

पण किस्सा अजून संपला नाही. जेवणाआधी अण्णांचं मन मोठं झालं. "सर एवढ्या लांबून आले, त्येंचं बी जरा ऐका." म्हणजे माझी स्वतंत्र बैठक झाली हो! अर्धा तास वाजवलं. घाबरलेलो, थकलेलो, गज घसरत होता, आणि आतून वरणाच्या फोडणीचा वास येत होता. मंडळी सभ्यपणे बसून राहिली.

संपल्यावर आजी काठी टेकत जवळ आली. उजव्या बाजूनं, त्यामुळं सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"मास्तर, किती वर्सं झाली शिकाया लागून?"

"बेचाळीस झाली, आजी."

"आन् आमच्या शोभीला?"

"सहा."

आजीनं माझ्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

"तोंड नका पाडू लेकरा. येईल तुमाला बी. एखाद्याला लागतो वेळ."