पानावरचं रगत

पोशाच्या नजरेवर आमचा सगळा गाव निर्धास्त होता. खालापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्याची ठाकरवाडी आणि तिच्याखाली आमची भातशेती. पाचोळ्यात दबून बसलेला ससा आम्हाला पायाखाली येईपर्यंत दिसायचा नाही. पोशा लांबच्या बांधावरून बोट दाखवायचा. गंमत एवढीच, की पांगारा लालभडक फुलला तरी या गड्याला पत्ता नसायचा. "पोशा, झाड पेटलंय बघ!" म्हणून आम्ही चिडवायचो, तो नुसता हसायचा. गड्याला फुलांचं वेडच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. बंदूक माझ्या वडिलांची, ती चालवायचा त्याच वाडीतला पदू, आणि माग काढायचा पोशा. एका भादव्यात दिवस कलताना पदूने मोठ्या सुळेवाल्या डुकरावर बार काढला. डुक्कर झाडीत गडप झालं. दोघे मागे गेले. पदूने एक पान खुडून पोशापुढे धरलं.

"रगत हाय रं. लागलंय त्याला."

पोशाने पान डोळ्यांजवळ नेलं. "पानी हाय. लागलं नाय. चल घरी."

जखमी डुक्कर रानात सोडून यायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पोशा नाही म्हणतो म्हटल्यावर पदूला आपलंच चुकलंसं वाटलं. दोघे परतले. रात्री पावसाने रान धुऊन काढलं.

सकाळी पोशाची बायको कोंडी कंद खणायला त्याच झाडीत गेली. डुकराने तिला फाडली. जवळच ते मरून पडलेलं सापडलं, मांडीत गोळी, जखम पावसाने धुऊन गेलेली.

वाडीपुढे एकच सवाल उभा राहिला. रगत सांडलं होतं की नव्हतं? सांडलं असेल तर डुक्कर साधं, आणि ते सोडून येणारा पोशा दोषी. सांडलं नसेल, तर गोळी लागूनही ज्याचं रगत येत नाही ते डुक्कर देवाचं, आणि त्याच्यावर बार काढणारा पदू दोषी. पदू घसा फोडून सांगत होता, "मी बघितलं, पान लाल व्हतं." पोशाने कोंडीच्या प्रेताला हात लावून शपथ घेतली, "रगत नव्हतं." बिचारा खोटं बोलत नव्हता. माझे वडीलसुद्धा म्हणाले, पोशा सांगतोय म्हणजे तसंच असणार. डुकराचं मांस कुणी शिवलं नाही, ते पुरून टाकलं. पदूला वाडीतून काढलं. तो बायकोला, जिजाला, घेऊन कुंभिवलीच्या बाजूला कोळशाच्या भट्टीवर राहू लागला.

पुढे काही वर्षांनी रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवरच्या कामाला गडी, डोळे तपासून घेणार असं कळलं, म्हणून मी पोशाला कर्जतला नेलं. म्हटलं, एवढी नजर असल्यावर आणखी काय हवं! रेल्वेच्या डॉक्टरांनी टेबलावर लोकरीच्या रंगीत लडी पसरल्या, त्यातली एक लाल त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "अशाच वेचून काढ." पोशाने तपकिरी आणि गर्द हिरव्या लडी काढून अगदी भरवशाने शेजारी मांडल्या. मला हसू फुटलं. डॉक्टर हसले नाहीत.

"डोळ्याच्या आत, मागच्या अंगाला पडदा असतो," ते मला म्हणाले. "उजेड त्याच्यावर पडतो. तिथले काही कण लाल टिपतात, काही हिरवा, काही निळा. त्यांच्या मेळातून आपल्याला सगळे रंग कळतात. याच्याकडे लाल टिपणारे कण जन्मापासूनच नाहीत. लाल याला काळपट दिसतो."

"पण पाचोळ्यातला ससा याला दिसतो!"

"म्हणूनच दिसतो. रंग आपल्याला फसवतात, याला फसवत नाहीत. हा आकार बघतो."

पोशा इतका वेळ लडीकडे बघत होता. "सायेब, हिरव्या पानावर रगत असलं, सांजचं, तर मला दिसंल?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

पोशा घरी आलाच नाही. सरळ कुंभिवलीच्या वाटेला लागला, आणि मला त्याला एकटं सोडवेना. भट्टीपाशी पदू बसला होता, केस पिकलेला, हातपाय काळे. पोशा त्याच्यापुढे मातीत बसला.

"पदू, रगत व्हतं रं. तुझंच खरं. माझ्या डोळ्याला लाल दिसत नाय, डाक्तर बोलला. चल वाडीला, मी समद्यांपुढं सांगतो."

 पदू हसला, वेड्याची समजूत काढावी तसा.

"झाडीतला ससा तुला दिसतो, आन् रगत दिसत नाय? नाय रं पोशा. रगत नव्हतं. माझंच डोळं खोटं. देवाच्या जनावरावर बार काढला मी. दर भादव्याला कोंबडा देतो, कोंडीच्या नावानं."

"व्हतं रं पदू, व्हतं!" पोशाने त्याचे पाय धरले.

पदूने पाय सोडवून घेतले. "कोंडीला मी मारली. उगा माझ्यासाठी खोटं बोलू नको."